मिरच्यांच्या दिवसांतले सोमवार

आज सकाळपासून मी एक अक्षर बोललेले नाही, आणि घरात ते कोणाच्या ध्यानातही आलेलं नाही. सुनेनं मध्येच एकदा विचारलं, "आई, कवळी टोचतेय का?" मी हात हलवला. त्या हलवण्याचा सोयीचा तो अर्थ घेऊन ती मीटिंगला गेली, म्हणजे शेजारच्या खोलीत गेली. मुलगा त्याच्या खोलीत बसून पडद्याला विचारतोय, "आवाज येतोय ना? माझा आवाज येतोय ना?" कुकटपल्लीच्या या फ्लॅटमध्ये दिवसभर माणसं एकमेकांना आवाज येतोय का एवढंच विचारत असतात. अशा घरात एक म्हातारी गप्प बसली तर कुठं बिघडतं.

गप्प का, ते सांगते. पण आधी मिरच्या.

खालच्या ललिताम्मांनी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात. उगादी, म्हणजे इथला पाडवा, तोंडावर आली की या गावातल्या गच्च्या लाल होतात. ललिताम्मांच्या आवकायला, म्हणजे कैरीच्या लोणच्याला, विकतचं तिखट चालत नाही. त्या स्वतः बेगम बाजारात जातात, मिरची कानाशी धरून खुळखुळवतात, बिया वाजल्या तरच घेतात. दुपारी वारा सुटला की खकाणा जिन्यानं वर येतो आणि दाराच्या फटीतून आत शिरतो. घरातले सगळे शिंकतात आणि खिडक्या लावतात. मी शिंकते आणि घाबरते.

हसू नका. डोकं माझं विसरभोळं झालंय, परवा चष्मा फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी सापडला. पोट मात्र काही विसरायला तयार नाही. मिरचीचा ठसका नाकात गेला की पोटात काहीतरी धपकन खाली बसतं, आणि सत्तरी ओलांडलेली ही बाई क्षणभर परीक्षेच्या खोलीबाहेरच्या तापलेल्या दगडी बाकावर जाऊन बसते. त्या बाकावर कुसुम नावाची एक मुलगी आहे. दोन वेण्या, हातात मिरच्यांचं पुडकं, आणि चेहरा असा की जणू आत वाघ बसलाय. तिला पाहिलं की मला हसू येतं आणि मग हळूच तिच्याइतकीच भीतीही वाटते.

यंदाची भीती वेगळी आहे. आज रेवाची व्हायवा आहे, तोंडी परीक्षा. रेवा म्हणजे माझी नात. शहर संपतं, काळे गोल धोंडे सुरू होतात, त्यांच्याही पलीकडे तिचं ते एवढंसं कॉलेज. तिथं इतिहास, मातीची भांडी, आकाशातले तारे आणि अर्धं नाटक असं सगळं एकत्र शिकवतात. "पण यातून तू शेवटी होणार काय?" असं माझ्या मुलानं पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, ते लास्ट सेमेस्टरला कळतं." आता लास्ट सेमेस्टर आहे. मागच्या महिन्यात सराव म्हणून तिला सगळ्यांसमोर उभं केलं, तर ही पोरगी दोन वाक्यं बोलून खोलीबाहेर गेली आणि हात धुवायच्या जागी जमिनीवर बसून राहिली. आजही तसंच झालं तर वर्ष गेलं. पुढच्या शिक्षणासाठी कुठेशी जागा मिळाली आहे, तीही गेली.

"आजी, प्रॉब्लेम काय आहे माहितीये का," ती मला म्हणाली होती, "आमच्याकडे लास्ट बेंचच नाहीये. सगळे गोल बसतात."

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. गोल टेबलाची दहशत काय असते ते मला कोण नवं सांगणार.

आमचं कॉलेजही एवढंसंच होतं. विद्यानगरच्या आमच्या घरापासून चालत जाता यायचं. कोणा नवाबाच्या जावयाचा जुना बंगला, मागे चिंच, आणि वर्गात दहा-बारा मुली. इतिहास शिकवणाऱ्या पद्मावती मॅडमनी बंगल्याचं जेवणाचं टेबलच वर्गासाठी घेतलं होतं. शिसवी, जड, आणि गोल. एके काळी त्याच्यावर अख्खे भाजलेले बकरे ठेवत असत म्हणे. आता भोवती आम्ही. मला तर पहिल्या दिवसापासून बकऱ्याचीच बाजू पटत होती.

शाळेत मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसत असे. बाईंची नजर शेवटच्या बाकावर जाते, शेवटून दुसऱ्यावर जात नाही, हे शास्त्र मी आठवीतच शोधून काढलं होतं. त्या शास्त्राच्या जोरावर मॅट्रिक झाले. आणि इथं ही बाई आम्हाला गोल बसवते, आणि वाचून आलेलं सांगून झालं की हात टेकून विचारते, "कुसुम, तुला काय वाटतं?"

आमच्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. भूक लागली का विचारत. डोकं दुखतंय का विचारत. वाटतं काय, हे विचारायची गरजच नव्हती, कारण जे वडिलांना वाटायचं तेच सगळ्यांना वाटायचं, आणि वडिलांना काय वाटायचं ते माय सांगायची. माझी माणसं गाव सोडून, शेत बटईनं देऊन नोकरीसाठी इथं आलेली. मोठ्यांसमोर मान खाली हे शिक्षण माझं पक्कं झालं होतं. त्यामुळे मॅडमनी विचारलं की माझी मान आपोआप खाली जायची. टेबलाच्या लाकडातली प्रत्येक रेघ मला पाठ होती. एका जागी जळल्याचा डाग होता, माशासारखा. मी त्या माशाकडे बघत राहायची. कानात रक्ताचा आवाज यायचा आणि जीभ टाळूला चिकटायची.

शेजारी रझिया बसायची. ती माझ्या कोपराला टोचायची. "क्या गे, मूँ में दही जमा को बैठी क्या?"

दही कसलं. दगड होता.

अशा या मुलीवर देवानं कृपा केली ती मायच्या तोंडून. माझी थोरली बहीण, अक्का, त्या हिवाळ्यात माहेरी आली होती. आदल्या वर्षी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते आणि माय भीतीनं अर्धी झाली होती. एका सकाळी महादेवाच्या देवळातून ओल्या केसांनी आली आणि माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "कुसे, तुझ्या नावानं नवस बोलले."

"माझ्या?"

"दर सोमवारी सूर्य उगवल्यापासून बुडेस्तोवर तू मौन धरायचं. अक्का मोकळी होईस्तोवर."

"पण माझ्याच नावानं का?"

"अक्काला जड अंगाला तरास कशाला. माझं तर दिवसभर बोलायचंच काम हाय. तू तशीबी गप्पच असतीस."

मायचा हिशेब पक्का. नवस मायनं बोलायचा आणि फेडायचा मी. नियमही तिनंच ठरवले. शिंक चालेल, खोकला चालेल, जांभई चालेल. हुंकार चालणार नाही, त्यात अर्थ असतो. वरवर मी तोंड पाडलं. आतून मला गल्लीत साखर वाटावीशी वाटत होती, कारण गोल टेबलाचा तास सोमवारीच असायचा. भित्र्या माणसाला देव रजेचा अर्ज स्वतः सही करून देतो, असा माझा समज झाला.

मॅडमना मी शुक्रवारीच सांगून टाकलं. त्यांचा नवसावर विश्वास नव्हता, पण त्यांनी थट्टा केली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ठीक. सोमवारी तू फक्त ऐक. पण टेबलाकडे बघून नाही. जी बोलेल तिच्या तोंडाकडे बघून."

मी अडकले. मासा गेला. आता दर सोमवारी बोलणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत बसायचं, आणि टेबल गोल असल्यामुळे गप्प बसलेली एकटी मुलगी सगळ्यांना आधी दिसते हेही तेव्हाच कळलं. पण बघता बघता मला काहीतरी दिसायला लागलं. मीनाक्षी, आमच्यातली सगळ्यात फर्डी, बोलायच्या आधी गळ्यातली साखळी दातांत धरायची. रझियाच्या नाकावर घाम यायचा. एक मुलगी वाक्य संपलं की डोळे मिटून घ्यायची, कोणीतरी आता मारणार असल्यासारखे. या सगळ्या घाबरत होत्या. मी आपली इतके दिवस समजत होते की या कॉलेजात भीती फक्त मलाच वाटून दिली आहे.

एवढं कळूनही माझी भीती काही कमी झाली नाही. सांगायला पाहिजे म्हणून सांगते. इतरही घाबरतात हे कळल्यानं धीर येतो असं म्हणतात. मला तर उलट वाटलं, की एवढ्या हुशार मुली घाबरतात म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी नक्की आहे.

शेवटच्या वर्षाला आमच्याकडे एक पद्धत होती. प्रत्येकीनं घरातली एक वस्तू आणायची, टेबलावर ठेवायची, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे ती वस्तू कुठून आली, कशी आली, आपल्या घरात काय करते ते बोलायचं. कागद नाही, पुस्तक नाही. रझिया आजोबांचं पानदान आणणार होती. मीनाक्षी चांदीचा करंडा. मला काही सुचेना. आमच्या घरी जुनं म्हणावं असं काही नव्हतंच, जे होतं ते गावाकडं राहिलं होतं. दिवस हेच होते, मिरच्यांचे. माय अंगणात तोंडाला पदर बांधून मिरच्या कांडत होती आणि सगळं घर शिंकत होतं. मी म्हटलं, चला, मिरची.

"मिरचीला कसला आलाय इतिहास," माय म्हणाली. "ती पैल्यापासून हाय."

मी तिला सांगितलं की पहिल्यापासून नाही, तीन-चारशे वर्षांमागं परदेशी जहाजांतून आली, त्याआधी आपल्याकडे मिरचीच नव्हती.

मुसळ थांबलं. माय माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी तिच्या माहेराला नावं ठेवली. "मंग आपले वाडवडील काय गूळ लावून भाकर खात होते का? कुसे, त्या कॉलेजात डोकं तपासतेत का न्हाई कोणी?"

ती तोंडी परीक्षा शनिवारी होती. आणि मग एका दुपारी व्हरांड्यातल्या फळ्यावर सूचना लागली. परीक्षक शनिवारी येऊ शकत नाहीत, परीक्षा सोमवारी.

मी ती सूचना वाचली. पुन्हा वाचली. चिंचेखाली मुली हसत होत्या आणि माझ्या पायांखालून जमीन सरकत होती. गप्प राहिले तर नापास, आणि आमच्या घरात वर्ष वाया गेलेल्या मुलीला दुसरं वर्ष मिळत नसे. बोलले तर नवस मोडला, आणि नवस कशावर टांगला होता ते मला रोज समोर दिसत होतं. भिंतीला हात लावून उठणारी, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळताना श्वास धरणारी अक्का. तिचे दिवस भरायला थोडेच बाकी होते.

मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. "बोल असं मी तुला म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "बोलू नको असंही म्हणणार नाही. तुझी खुर्ची ठेवेन."

हे काय उत्तर झालं? शहाणी माणसं अशा वेळी खुर्ची ठेवतात. मग या कुसुमबाईंनी स्वतःची युक्ती काढली. काखेत कांदा धरून झोपलं की ताप चढतो असं कोणीतरी सांगितलं होतं. रात्रभर कांदा धरला. ताप आला नाही. कांद्याचा वास मात्र इतका आला की सकाळी मायनं विचारलं, "आज कालवण कुठं सांडवलंस?"

मायला सांगायची हिंमत नव्हती. तिनं परीक्षा सोडायला सांगितली असती, आणि दोनदा विचारही केला नसता. तिच्या जागी मीही केला नसता. रविवारी संध्याकाळी अक्का माझे केस विंचरत होती. तिचं पोट माझ्या पाठीला टेकत होतं. आतून बाळानं लाथ मारली ती मला पाठीत कळली, आणि मी रडायला लागले. सगळं सांगून टाकलं.

फणी केसांत थांबली. अक्कानं एक गुंता बोटांनी सोडवला. मग म्हणाली, "नवस मायचा. जीभ तुझी. पोट माझं. मग ऐकायचं कोणाचं?"

"अक्का, काही झालं तर?"

"मागल्या बारीला कोण बोललं होतं, कुसे?"

मला काही कळेना. ती माझ्या मागं होती, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. नुसता आवाज.

"दुखत होतं दोन दिस. सांगितलंच न्हाई. ओसरीवर मोठी माणसं बसली होती. त्यांच्यातून उठून कसं सांगावं वाटलं. गप्प राहिले." तिनं फणी पुन्हा चालवली, जोरानं, गुंता ओढत. "गप्प राहून काय होतं ते मला म्हाईत हाय. तू बोलून ये."

आता सांगा, या धीराच्या बोलण्यानं माझी भीती जायला हवी होती की नाही? ती दुप्पट झाली. आतापर्यंत भिणारी मी एकटी होते. आता अक्कानं तिचं पोट माझ्या जिभेवर ठेवलं होतं.

सोमवारी माय दारात उभी राहून म्हणाली, "आज सोमवार हाय, ध्यानात हाय ना?" मी मान हलवली. परीक्षा शनिवारीच झाली असं ती धरून चालली होती. मी मिरच्यांचं पुडकं पदराआड घेतलं आणि निघाले.

तो दगडी बाक. ऊन. चिंचेच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या. आत गेलेल्या मुलीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. रझिया बाहेर आली, घामानं भिजलेली, आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "नक्को डर. बुढ्ढा काटता नै." माझं नाव पुकारलं गेलं ते दुरून, विहिरीतून आल्यासारखं ऐकू आलं.

परीक्षक म्हातारे होते, काळा कोट, जाड भिवया. मॅडम त्यांच्या पलीकडे. माझी खुर्ची खरंच ठेवलेली होती, माशाच्या डागासमोर. मी पुडकं उघडून टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, "नाव?"

नाव. एवढं साधं. तोंड उघडेना. डोळ्यांपुढं अक्काची पाठमोरी सावली, भिंतीला धरलेला हात. पंखा वर घरघरत होता. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचा अंगठा मात्र बोटांवर भराभर फिरत होता. त्याही घाबरल्या होत्या.

परीक्षकांनी वाट बघून एक मिरची उचलली आणि बाजारात मोडावी तशी कडकन मोडली. मग दुसरी. पंख्याखाली. म्हाताऱ्यांना काय माहिती, की वाळलेली मिरची पंख्याखाली मोडायची नसते. आधी तेच शिंकले. मग मॅडम. मग मी. एक, दोन, डोळ्यांतून पाणी, आणि शिंक तर नियमात बसत होती. तिसऱ्या शिंकेनंतर तोंड उघडंच राहिलं होतं. त्या उघड्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं, "कुसुम."

झालं. मोडला.

मग मात्र मी थांबले नाही. एकदा पाप झालंच आहे तर पुरतं करून घ्यावं, तशी मी बोलत सुटले. मोडकं इंग्रजी, मध्येच हिंदी. मिरे, पिंपळी, जहाजं, बंदरं. आणि मिरचीचा इतिहास ऐकून माय काय म्हणाली तेही सांगितलं. परीक्षकांनी रुमालानं डोळे पुसत विचारलं, "मग तुमच्या आईचं चुकलं?"

"मला वाटतं," मी म्हणाले, आणि स्वतःच दचकले. "मला वाटतं, आईचंही खरं आहे. जिच्याशिवाय आमची चूल कोणाला आठवत नाही, ती आमच्यासाठी पहिल्यापासूनच आहे."

ते काय म्हणाले ते मला आठवत नाही. बाहेर आल्यावर मी पुन्हा त्याच दगडी बाकावर बसले ते आठवतं. आतली भीती लहान होती. खरी आता बाहेर उभी होती, दारातच. बोललेलं परत घेता येत नाही.

घरी आले तर दार उघडं. अंगणात मुसळ आडवं पडलेलं. चादरीवर मिरच्या तशाच, आणि त्यांच्यात शेजारची कोंबडी फिरतेय. माय जग बुडालं तरी मिरच्या उघड्या टाकून जायची नाही. शेजारच्या बाई भिंतीवरून म्हणाल्या, "अम्मा दवाखाने गए. तुम्हारी अक्का को दर्दां शुरू हो गए, एकदम से."

दिवस भरले नव्हते. मी धावत सुटले. रस्ता डांबरानं चिकटत होता. मी बोलले म्हणून. मी बोलले म्हणून. पायांच्या ठोक्यावर तेवढंच.

बाळंतपणाच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात माय बाकावर बसली होती. तिनं मला जवळ ओढून बसवलं, माझा हात तिच्या हातात घेतला. तिचा हात तिखटानं लाल होता. म्हणाली, "आलीस, बरं झालं. आज तुझा सोमवार हाय. मला काळजी न्हाई."

मी काही बोलले नाही. मला बोलायचं नव्हतंच, नाही का. तिच्या तिखटाच्या हातानं माझा हात जळत होता आणि मी तो सोडवून घेतला नाही. समोरच्या जाळीतून उन्हाचे चौकोन फरशीवर पडले होते. मी त्यांच्याकडे बघत बसले. सूर्य लवकर बुडावा असं वाटायचं, निदान दिवस संपेल. मग वाटायचं, बुडू नये, बुडाला की माय विचारेल आणि मला बोलावं लागेल.

आतून अक्काचा आवाज यायला लागला. ती ओरडत होती. नुसती किंकाळी नव्हती, शब्द होते. "दुखायलंय. मला दुखायलंय. कोणीतरी या इकडं." सगळ्या गल्लीला जाईल असं. व्हरांड्यात मोठी माणसं बसली होती. एक म्हातारा कानावर हात ठेवून पुटपुटला, बायकांना काही लाज. अक्का आणखी जोरात ओरडली.

मग ती थांबली. आणि काहीच आलं नाही. बाळाचा आवाज नाही, दाईचा नाही. माय बाकावरून अर्धी उठली आणि तशीच थांबली. तो किती वेळ होता, मला माहीत नाही. मला अजून त्यातून पूर्ण बाहेर आल्यासारखं वाटत नाही. बाळ गप्प होतं. माझ्या वाटचं मौन त्यानं धरलंय, असं माझ्या मनात आलं.

आणि मग ते रडलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसं. उन्हाचे चौकोन अजून फरशीवरच होते.

ती मंगल. आज पन्नाशीची आहे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि रोज सकाळी मला फोन करून इतकं बोलते की मी फोन टेबलावर ठेवून भाजी निवडून घेते. मायनं जन्मभर सगळ्यांना सांगितलं की नवस फळला. "कुसीनं राखून ठेवलेलं समदं बोलणं ही घेऊन आलीय," असं मंगलकडे बोट दाखवून म्हणायची. असं ती म्हणाली की अक्का माझ्याकडे बघायची नाही आणि मी तिच्याकडे. आता माय नाही, अक्काही नाही. परीक्षेत पास झाले. मॅडमनी नंतर सांगितलं, परीक्षकांचा शेरा एवढाच होता की ही मुलगी एकदा सुरू झाली की आवरत नाही.

इतकी वर्षं मी त्या सोमवारांची मजा करत आले. नवस, कांदा, शिंका. रेवाला किती वेळा रंगवून सांगितलं असेल. तिला मराठी वाचता येत नाही धड, ऐकायला मात्र आवडतं. आज सकाळी ती निघाली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. नाश्ता तसाच. बूट घालताना लेस हातात घेऊन नुसती बसली. मी तोंड उघडलं, तर म्हणाली, "आजी, काही बोलू नको ना. तू बोललीस की मला रडायला येईल."

मी गप्प राहिले. लिफ्टचं दार बंद झालं. मुलगा फोनवर कोणाला तरी म्हणाला, आज सोमवार. आणि मी गप्पच राहिले. अजून गप्प आहे. जिनं आयुष्यभर मायच्या नवसाची टिंगल केली ती म्हातारी आज नवस न बोलताच पाळतेय, आणि ते सुनेला सांगायचीही सोय नाही. माय तेव्हा किती घाबरली असेल ते मला आज कळतंय. खोलीत जाणाऱ्याला निदान टेबल असतं, खुर्ची असते, कोणी काही विचारणारं असतं. बाहेर बसणाऱ्याला हात ठेवायला काहीच नसतं. म्हणून तिनं माझी जीभ धरून ठेवली होती. मी बसलेय तशी, खालून येणाऱ्या खकाण्यात, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवरचं ऊन मोजत.

एवढं लिहून झालं आणि फोन वाजला. रेवा. टाकीवर ऊन होतं, चांगलं हातभर.

मी फोन कानाला लावला. पलीकडे काही नाही. नुसता श्वास, आणि लांब कुठेतरी बेसिनचा नळ. हात धुवायची जागा. माझ्या पोटात ते सगळं धपकन खाली बसलं. ती वाट बघत होती. मी गप्प, ती गप्प. माझ्या तोंडात तीच चिकटलेली जीभ, आणि मायचे नियम, आणि कुठूनतरी पाठीमागून अक्काचा आवाज, की मागल्या बारीला कोण बोललं होतं.

"रेवा," मी म्हणाले. दिवसभर न वापरलेला आवाज, गंजका. "मी आहे. बोल."

आधी एक हुंदका आला. मग, "आजी, मी बोलले. मी सगळं बोलले. मध्ये थांबले होते, पण मग बोलले. आणि आजी, त्या सरांनी मला ऑपोझ केलं, तर मी त्यांना म्हटलं, नाही, मला वाटतं..."

आणि मग ती जी सुरू झाली ती आवरेना. मी "हं, हं" म्हणत ऐकत राहिले. ऊन टाकीवरून कधी उतरलं ते मला कळलं नाही.